रात्रीचा मुक्काम : दक्षिण अमेरिकेच्या वाटांवर

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाची संहिता)



प्रवासवर्णनांच्या कपाटातील पुस्तके बहुधा दिवसाची असतात. शिखरे, सरोवरे, देवालये, बाजारपेठा ही सारी दिवसाची मिळकत. रात्र मात्र ‘तेथे मुक्काम केला’ एवढ्या शब्दांत आटोपते. वस्तुतः स्वतःचे वाहन घेऊन महिनोन्‌महिने रस्त्यावर राहणाऱ्या माणसाच्या मनात दुपार कलली की दुसरा विचारच नसतो. आज रात्री गाडी कोठे उभी करावयाची? प्रश्न साधा दिसतो. पण त्याच्या उत्तरात भूगोल आहे, इतिहास आहे आणि माणसाने माणसाशी कसे वागावे याचा पाठही आहे. दक्षिण अमेरिका खंडाच्या निमित्ताने आज त्या उत्तराचा शोध घ्यावयाचा आहे.

उत्तर अमेरिकेतून निघालेला पॅन-अमेरिकन महामार्ग पनामाच्या पूर्वेस दारियेनच्या अरण्यापाशी खुंटतो. पुढील सुमारे १०० किलोमीटर रस्ताच नाही. म्हणून प्रवासी आपले वाहन जहाजावर चढवून कोलंबियातील कार्ताहेना बंदरात उतरवून घेतात आणि तेथून दक्षिणेकडे निघतात. इक्वादोर, पेरू, बोलिव्हिया, चिली आणि आर्जेन्टिना असे देश ओलांडीत ते तिएर्रा देल फुएगो बेटावरील उश्वाया या नगरापर्यंत पोहोचतात. कोणी सहा महिने घेतो, कोणी दोन वर्षे. गाडीतच बिछाना, शेगडी आणि पाण्याची टाकी असते. घर बरोबर असते. अंगण मात्र रोज नवे शोधावे लागते.

या भूमीला हा प्रश्न नवा नाही. युरोपीय माणूस येण्यापूर्वी इंका राज्यकर्त्यांनी अँडीज पर्वतात सुमारे ३०,००० किलोमीटर लांबीचे रस्त्यांचे जाळे विणले होते. ‘कापाक न्यान’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मार्गांना २०१४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. या रस्त्यांवर साधारणतः एका दिवसाच्या चालीवर ‘ताम्बो’ असे. ताम्बो म्हणजे मुक्कामाचे घर. तेथे निवारा असे, धान्य आणि कापड साठविलेले असे. आसपासच्या गावांनी आपल्या श्रमाच्या पाळीतून हे ताम्बो चालवावयाचे, अशी व्यवस्था होती. ओयान्तायताम्बो, पाउकारताम्बो या गावांच्या नावांत तो शब्द आजही नांदतो आहे.

स्पॅनिश सत्ता आली आणि या व्यवस्थेचे रूप पालटले. सैनिक आणि व्यापारी ताम्बोत उतरत, गावकऱ्यांचे धान्य घेत, त्यांच्याच पाठीवर ओझी लादून पुढे निघत. अखेर १५४३ मध्ये पेरूचा राज्यपाल वाका दे कास्त्रो याने ताम्बोंसंबंधी नियम जारी केले. कोणते ताम्बो चालू ठेवावयाचे हे त्यांत ठरविले होतेच. शिवाय वाटसरूंनी स्थानिकांवर किती भार टाकावा यालाही मर्यादा घालण्याचा प्रयत्न होता. मुक्कामाची सोय कोणाच्या तरी श्रमावर उभी असते, ही गोष्ट पाहुणा किती सहज विसरतो, याची ही चार शतकांहून जुनी साक्ष होय.

विसाव्या शतकात या वाटांनी निराळे प्रवासी पाहिले. स्विस वंशाचा शिक्षक एमे चिफेली १९२५ मध्ये ‘मांचा’ आणि ‘गातो’ हे दोन घोडे घेऊन ब्वेनोस आयरेसहून निघाला आणि १९२८ मध्ये न्यू यॉर्कला पोहोचला. घोडेस्वाराचा मुक्काम घोडाच ठरवितो. चारा आणि पाणी जेथे, तेथे रात्र. पुढे जानेवारी १९५२ मध्ये एर्नेस्तो गेव्हारा हा वैद्यकाचा विद्यार्थी आणि त्याचा मित्र आल्बेर्तो ग्रानादो एका जुन्या नॉर्टन मोटारसायकलीवर आर्जेन्टिनातून निघाले. चिलीत मोटारसायकलीने कायमचा राम म्हटला. तेव्हा लोस आन्हेलेस या गावी त्यांना अग्निशामकांच्या ठाण्यात आसरा मिळाला. चिलीतील अग्निशामक दले स्वयंसेवकांची आहेत. १८५१ मध्ये वाल्पाराइसो बंदरात त्यांची सुरुवात झाली. तेथे उतरलेले हे दोघे पाहुणे आगीची घंटा होताच यजमानांबरोबर आग विझवावयास धावले. ठाण्याच्या आवारात वाटसरूला जागा देण्याची ती रीत खंडात अनेक ठिकाणी अद्याप टिकून आहे.

त्याच प्रवासातील आणखी एक रात्र स्मरणीय आहे. चुकिकामाता येथील तांब्याच्या खाणीकडे जाताना अटाकामाच्या वाळवंटात त्यांना एक कामगार दांपत्य भेटले. नवरा राजकीय मतांमुळे तुरुंगवास भोगून आलेला, पदरी काम नाही आणि रात्र काढावयास अंगावर घेण्यापुरते पांघरूणही नाही. या दोघांनी आपल्याजवळच्या पांघरुणांपैकी एक त्यांना दिले आणि उरलेल्यात स्वतःला गुंडाळून घेतले. पुढे ‘चे’ म्हणून जगाला माहीत झालेल्या गेव्हाराने आपल्या रोजनिशीत त्या कडाक्याच्या थंडीची आणि त्या रात्री वाटलेल्या आपुलकीची नोंद करून ठेवली आहे.

आता आजच्या सोयींकडे वळावे. आर्जेन्टिनात लहान गावांतूनही नगरपालिकेचे तळ असतात. नदीकाठची झाडी, मांस भाजण्यासाठी बांधलेल्या चुली, पाण्याचा नळ आणि नाममात्र शुल्क, असे त्यांचे साधारण स्वरूप. ब्राझीलमध्ये महामार्गांवरील पेट्रोलपंपांची विस्तीर्ण आवारे मालमोटार-चालकांसाठी रात्रभर उघडी असतात. तेथे स्नानगृह असते, उपाहारगृह असते आणि चालकांची सोबतही असते. चिली आणि आर्जेन्टिनाच्या हमरस्त्यांवरही ही सोय पुष्कळ ठिकाणी आढळते. पेरूच्या शहरांत रस्त्यावर राहण्यापेक्षा एखाद्या लहान खाणावळीच्या किंवा हॉटेलच्या भिंतीबंद आवारात गाडी लावणे शहाणपणाचे ठरते. कोलंबिया आणि इक्वादोरमध्ये शेतकरी आपल्या वाडीवर जागा देतो. पातागोनियाची गोष्ट वेगळी. तेथे माणूस विरळ, जमीन अफाट. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंस मेंढपाळीच्या जहागिरींची तारेची कुंपणे मैलोन्‌मैल चाललेली. मोकळी दिसणारी ती भूमी कोणाची तरी खाजगी मालमत्ता असते. तेथील जाणते प्रवासी रस्त्यासाठी मुरूम काढून सोडून दिलेली खाण शोधतात. तिच्या दरडीआड वारा लागत नाही.

वाऱ्याचा उल्लेख आला. पश्चिमेकडून येणारा पातागोनियाचा वारा गाडीचा दरवाजा हातातून हिसकावून बिजागरीसकट वाकवितो. म्हणून गाडीचे तोंड वाऱ्याकडे करून उभे राहावयाचे, आणि एका वेळी एकच दरवाजा उघडावयाचा, हा तेथील पहिला धडा. दुसरा धडा सूर्याचा. विषुववृत्तावरील कीतो शहरी वर्षभर सायंकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि संधिप्रकाश फार वेळ रेंगाळत नाही. उश्वायात डिसेंबरात रात्री दहापर्यंत उजेड असतो. प्रवासी उत्तरेत असो वा दक्षिणेत, नियम एकच : अंधार पडण्यापूर्वी दोन तास जागा निश्चित व्हावी. अंधारात निवडलेली जागा सकाळी आपले खरे रूप दाखविते, आणि ते दरवेळी सुखद नसते.

तिसरा धडा उंचीचा. चिलीतील सान पेद्रो दे अटाकामा हे गाव सुमारे २,४०० मीटर उंचीवर आहे. तेथून बोलिव्हियातील लागुना कोलोराडा हे तांबडे सरोवर एका दिवसात गाठता येते. पण त्याची उंची ४,२७८ मीटर. पाय दमत नाहीत, गाडी चढते; शरीर मात्र मागेच राहिलेले असते. रात्री डोके ठणकू लागते, श्वास अपुरा पडतो, आणि दुखणे बळावल्यास जिवावर बेतते. ३,००० मीटरनंतर झोपण्याची उंची रोज साधारण ५०० मीटरपेक्षा अधिक वाढू देऊ नये, असा वैद्यकाचा संकेत आहे. दिवसा खिंड चढावी, रात्री खाली उतरून झोपावे. त्या उंचीवर पाणीही लवकर उकळते आणि अन्न शिजत नाही. भारतीय स्वयंपाकघरातील प्रेशर कुकरची थोरवी तेथे कळते.

चौथा धडा पाण्याचा, आणि तो सर्वांत कठोर आहे. अटाकामात कोरड्या नदीचे पात्र म्हणजे सपाट, वाळूचे, आडोशाचे अंथरूणच. पण मार्च २०१५ मध्ये त्या वाळवंटात पाऊस कोसळला आणि कोपियापो, चान्यारल या गावांतून चिखलाचे लोंढे वाहत गेले. अनेकांचे प्राण गेले. दक्षिण आर्जेन्टिनातील रिओ गायेगोसच्या परिसरात भरती-ओहोटीचे अंतर दहा मीटरांहून अधिक होते. सायंकाळी दूर दिसणारा समुद्र पहाटे चाकांपाशी येऊ शकतो.

आणि चिलीच्या किनाऱ्यावरील एक रात्र तर कोणीही विसरू नये. माउले नदीच्या मुखाशी कॉन्स्तितुसियोन नावाचे नगर आहे. तेथे नदीच्या पात्रात ओर्रेगो नावाचे एक लहानसे बेट आहे. फेब्रुवारी २०१० च्या अखेरीस उन्हाळ्याच्या समारोपाच्या उत्सवासाठी अनेक कुटुंबे मुलाबाळांसह त्या बेटावर तंबू ठोकून राहिली होती. यापेक्षा सुरेख जागा कोणती असावी? चहूकडे पाणी, वर झाडी, समोर गावातील दिवे. २७ फेब्रुवारीच्या पहाटे ३ वाजून ३४ मिनिटांनी ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला. बेटावरून काठावर जावयास पूल नव्हता. कोळ्यांच्या मोजक्या नावांतून काहीजण सुटले. नंतर समुद्राच्या लाटा नदीतून आत शिरल्या आणि कितीतरी माणसे, लहान मुलांसह, वाहून गेली. किनाऱ्यावर मात्र जमीन हलताच कोणाच्याही इशाऱ्याची वाट न पाहता डोंगराकडे धावलेले पुष्कळ लोक वाचले. आज त्या किनाऱ्यावर लाटांपासून सुरक्षित भागाकडे जाण्याचा मार्ग दाखविणाऱ्या पाट्या आहेत. समुद्राकाठी उतरणाऱ्या प्रवाशाने बिछाना घालण्यापूर्वी ती पाटी शोधावी आणि त्या वाटेने एकदा चालून यावे. जागा सुंदर आहे की नाही हे नंतर. येथून अंधारात बाहेर कसे पडावयाचे, हा प्रश्न आधी.

निसर्गाकडून पाहुण्याला असलेला धोका हा झाला. पाहुण्याकडून निसर्गाला असलेला धोकाही तेवढाच खरा. चिलीच्या दक्षिणेतील टोरेस देल पाइने राष्ट्रीय उद्यानात २००५ मध्ये एका परदेशी पर्यटकाच्या शेगडीमुळे आग लागली. पातागोनियाच्या वाऱ्याने ती हजारो हेक्टरांवर पसरविली. लेंगा वृक्षांची ती वने पुन्हा उभी राहावयास कित्येक दशके लागतात. त्या पर्यटकाचा देश, चेक प्रजासत्ताक, पुढे तेथील वृक्षलागवडीस साहाय्य करू लागला. डिसेंबर २०११ मध्ये त्याच उद्यानात माणसाच्याच हातून पुन्हा मोठी आग लागली. आता तेथे उघड्यावर विस्तव पेटविण्यास मनाई आहे आणि ठरवून दिलेल्या तळांखेरीज कोठेही मुक्काम करता येत नाही. एका रात्रीच्या निष्काळजीपणाने नंतरच्या हजारोंची मोकळीक गेली.

म्हणूनच या सर्व विद्येचे सार एका प्रश्नात आहे : “येथे रात्र काढली तर चालेल का?” मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलेला हा प्रश्न कुंपणाचे फाटक उघडतो. बंदिस्त वाटणारा मेंढपाळ वाऱ्याआडची जागा दाखवितो, अग्निशामक नळ दाखवितो, वाडीची मालकीण कुत्रा बांधून ठेवते. न विचारता घेतलेल्या जागेत झोप सावध असते. दिलेल्या जागेत ती गाढ लागते. कारण तेव्हा त्या गावात कोणालातरी ठाऊक असते की, येथे एक वाटसरू झोपला आहे. अँडीजमधील लोक पेयाचा पहिला घोट पाचामामेला, म्हणजे भूमातेला, जमिनीवर सांडतात. तीही एक परवानगीच मागणे होय.

अलीकडे ‘आयओव्हरलँडर’सारख्या मोबाइलवरील नोंदवहीत प्रवासी आपापल्या मुक्कामाच्या जागा लिहून ठेवतात : पाणी आहे की नाही, वारा कसा, रात्री कोणी उठविले काय. अनोळखी माणसाने अनोळखी माणसासाठी ठेवलेला हा दिवा आहे. पण त्याची छायाही आहे. एखादी निवांत जागा नोंदवहीत येते, गाड्यांची रांग लागते, कचरा साठतो, आणि एके दिवशी तेथे साखळी लागते. पुढे येणाऱ्याला मग नोंद मिळते, जागा मिळत नाही.

शंभर वर्षे चाललेल्या ग्रंथालयाच्या सभासदांना हे निराळे समजावून सांगावे लागू नये. येथील प्रत्येक पुस्तक आधी कोणीतरी वाचून, पाने न दुमडता परत केले, म्हणून ते पुढच्या हाती पडले. रात्रीच्या मुक्कामाचा धर्मही तोच आहे. सकाळी गाडी निघाल्यावर त्या जागी चाकांच्या पुसट खुणांवाचून काही राहू नये, आणि त्या रात्रीच्या यजमानाने पुढच्या वाटसरूला पाहून फाटक पुन्हा उघडावे.