त्वचेचे शास्त्र आणि कन्यांचे शिक्षण

(मंडळाच्या पालघर येथील वार्षिक संमेलनात झालेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी त्वचा व केस यांच्या संशोधनाविषयी बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. हा विषय डॉ. कमल रणदिवे या विदुषीच्या जीवनकार्याच्या आधारे मांडावा, असे मी योजिले आहे.

त्वचा म्हणजे केवळ देहाचे आवरण नव्हे. तिच्या तळच्या थरात नव्या पेशी अखंड जन्मतात, वर सरकतात आणि सुमारे महिन्याभरात मृत होऊन गळून पडतात. केसांच्या मुळाशी तर पेशींचे विभाजन फारच वेगाने चालते; म्हणूनच विभाजन रोखणारी कर्करोगावरील औषधे घेताना केस गळतात. पेशीने केव्हा विभागावे व केव्हा थांबावे, हे नियंत्रण सुटले की कर्करोग उद्भवतो. त्वचा, केस आणि कर्करोग या तिहींचा अभ्यास असा अखेर पेशीपाशी येऊन पोहोचतो.

कमलताईंचा जन्म १९१७ साली पुण्यास समर्थ कुटुंबात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. कन्येने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा. कन्येचा ओढा मात्र निराळा. १९३९ साली गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतर १९४३ साली सीताफळाच्या कुलातील वनस्पतींचा पेशीशास्त्रीय अभ्यास करून त्या एम्.एस्सी. झाल्या आणि १९४९ साली डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली पीएच्.डी. झाल्या. म्हणजे पहिली पदवी विवाहानंतर चौथ्या वर्षी, दुसरी दहाव्या वर्षी! पतीचे साहाय्य त्यांना सतत लाभले, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्या पेशीसंवर्धनाची विद्या शिकल्या आणि स्वदेशी परतून मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी या विद्येची देशातील पहिली प्रयोगशाळा उभारली.

खानोलकरांनी कुष्ठरोगाचे जंतू त्वचेतील मज्जातंतूंत कसे शिरतात, याचा सूक्ष्म अभ्यास केला होता. या शिरकावामुळेच फिकट चट्ट्यावर स्पर्श कळत नाही आणि तेथील केस विरळ होतात. हा जंतू १८७३ साली हॅन्सन यांनी शोधला. परंतु कृत्रिम खाद्यावर तो आजवर कोणालाही वाढविता आलेला नाही. १९५८ च्या सुमारास कमलताई व त्यांचे सहकारी यांनी कुष्ठरुग्णाच्या शरीरातून घेतलेले जंतू वाढविले. ते कुष्ठजंतू नसून त्यांच्या गोत्रातील दुसरेच जंतू होत, असे पुढे ठरले. तरीही त्यांच्यापासून लस तयार झाली व तिच्या चाचण्या झाल्या. शास्त्रात अपुरे यशही वाया जात नाही.

हा विषय आपणांस परका नाही. आपल्या पालघर जिल्ह्यात आजही कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आढळतात. अनेक औषधे एकत्र देण्याच्या ज्या उपचाराची जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली शिफारस केली, त्याने हा रोग सहा महिन्यांत वा वर्षभरात बरा होतो, आणि सरकारी दवाखान्यात ही औषधे विनामूल्य मिळतात. घटस्फोटाच्या कारणांतून हा रोग २०१९ च्या कायद्याने वगळला. कायद्याने जे सोडले, ते आपण सोयरीक जुळविताना धरून बसावे काय? घरातील चट्टा लपविण्याने रोगही वाढतो आणि अपंगत्वही येते.

आता शेवटची विनंती. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील औषधांच्या कारखान्यांत, तेथील प्रयोगशाळांत, आपल्या कन्या काम करू लागल्या आहेत, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु कन्या पदवीधर झाली की आपण स्थळे पाहू लागतो आणि मंडळाची शिष्यवृत्तीही तेथेच थांबते. संशोधनाचा खरा आरंभ मात्र पदवीनंतरच होतो. मंडळाने पदवीनंतरच्या संशोधनासाठी निदान एक शिष्यवृत्ती सुरू करावी, आणि विवाहित कन्यांसही ती खुली ठेवावी. सासरच्या मंडळींनी हे ओझे न मानता कुळाचे भूषण मानावे.

कमलताईंना १९८२ साली पद्मभूषण लाभले. तत्पूर्वीच, १९७३ साली, त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघाच्या स्थापनेत पुढाकार घेतला होता. आपण चाललेली वाट इतर भगिनींना सुगम व्हावी, हा त्यामागील हेतू. तोच हेतू आपल्या मंडळाने आपल्यापुरता मनी धरावा, एवढे मागून मी आपली रजा घेतो.