चेस्टरफील्डचें वांकडें शिखर

इंग्लंडांतील डर्बीशायर परगण्यांत चेस्टरफील्ड हें शहर आहे. तेथील सेंट मेरी अँड ऑल सेंट्स हें अँग्लिकन पंथाचें चर्च. चौदाव्या शतकांत बांधलेलें त्याचें लांकडी शिखर जमिनीपासून २२८ फूट उंच; परंतु पीळ पडून साडेनऊ फूट कललेलें! सैतानाच्या लाथेनें तें वांकलें, असें लोक गमतीनें म्हणत. जाणकारांच्या मतें लांकूड ओलें होतें, आडवे आधार अपुरे होते, आणि शिशाचे जड पत्रे दक्षिणेकडे उन्हानें अधिक फुगले. २२ डिसेंबर १९६१ रोजीं चर्चला आग लागली. शिखर मात्र बचावलें.

मीं जन्मभर मुलांच्या चुका तांबड्या शाईनें खोडल्या. या शहरानें मात्र आपली चूक जतन केली, आणि तिनेंच त्याला ओळख दिली.