पार्सल आलंय? आधी थांबा

भावांनो, दुबईत कॅम्पच्या दारात कुणी पार्सल घेऊन आलं, की आधी विचारा, मागवलंय कुणी? 'तुमच्या रूममेटचं आहे, ६० दिरहम द्या' म्हणाला, तर ड्युटीवरच्या त्या रूममेटला फोन लावा. तोवर पैसे नाहीत. ओटीपी मागितला, तर मेसेज पूर्ण वाचा. त्यात बँकेचं नाव किंवा रक्कम असेल, तर तो पार्सलचा कोड नव्हे, तुमच्या खात्याची किल्ली आहे. न मागवलेल्या पार्सलसाठी एमिरेट्स आयडीचा फोटो काढू देऊ नका. साइटवर परमिटशिवाय आपण खड्ड्यात उतरत नाही, इथंही तसंच. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. लगेच बँकेला सांगून कार्ड बंद करा, मग दुबई पोलिसांना ९०१ वर कळवा. घामाचा पगार आहे, घरी पोचायला हवा.