भुलीचें औषध आणि कायद्याची बेडी



माझगांवच्या टेकडीवरील बागेंतून पूर्वेकडे पाहिलें म्हणजे गोद्या आणि बंदर दृष्टीस पडतें. एकोणिसाव्या शतकांत याच मुंबई बंदरांतून माळव्याची अफू चीनला जात असे. त्या व्यापारांत संपन्न झालेल्यांपैकीं सर जमशेटजी जीजीभाई हे एक होते. आणि त्यांच्याच देणगीच्या आधारानें १८४५ सालीं सुरू झालेलें रुग्णालय आमच्या घरापासून फार दूर नाहीं. ज्या थैलींत अफूचा पैसा आला, तींतूनच औषधालाहि पैसा गेला, हें मी वर्गांत सांगत असें. आजचा विषयहि असाच दुपेडी आहे. केटामाइन या भुलीच्या औषधावर जगानें एकत्र येऊन बंधन घालावें काय?

हें औषध १९६२ सालीं अमेरिकेंत पार्क-डेव्हिस कंपनीसाठीं केल्विन स्टीव्हन्स यांनीं तयार केलें. इतर भुलीच्या औषधांनीं मनुष्य गाढ झोपतो. यानें मन जणूं शरीरापासून विलग होतें. डोळे उघडे असूनहि वेदना जाणवत नाहीं. श्वास बहुधा चालू राहतो व रक्तदाब सहसा खालावत नाहीं. म्हणून जेथें कृत्रिम श्वासाचें यंत्र नाहीं, तेथेंहि कुशल डॉक्टर त्याचा उपयोग करूं शकतो. माझ्या बहिणीच्या नातवाचा मोडलेला हात कोंकणांतील एका लहान रुग्णालयांत याच औषधावर बसविला गेला. त्याला मुंबईस आणावें लागतें, तर त्या पोरानें रात्रभर प्रवासांत कळा सोसल्या असत्या. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८५ पासून हें औषध अत्यावश्यक औषधांच्या यादींत ठेवलें आहे, तें उगीच नव्हे.

परंतु तेंच विलगपण नशेसाठींहि विकत घेतलें जातें. आणि दीर्घकाळ सेवन करणाराचें मूत्राशय निकामी होऊं शकतें. अशा द्रव्यांचा निवाडा पुढीलप्रमाणें होतो. संघटनेची तज्ज्ञ-समिति व्यसनाची शक्यता, समाजाचें नुकसान आणि वैद्यकीय उपयोग हीं तोलून शिफारस करते. मग संयुक्त राष्ट्रांच्या मादक द्रव्य आयोगांत मतदान होतें. मेथॉक्सेटामाइन हा केटामाइनचा नवा नातलग नशेच्या बाजारांत आला. त्याचा मान्य वैद्यकीय उपयोग कांहींच नव्हता. २०१६ सालीं तो १९७१ च्या कराराच्या दुसऱ्या अनुसूचींत गेला. हा न्याय सरळ होता.

केटामाइनचें तसें नाहीं. २०१५ सालीं चीननें तें आयोगापुढें आणून बंधनाची मागणी केली. ज्या देशानें आमच्या बंदरांतून गेलेल्या अफूचा दाह सोसला, त्याच्या भीतीस मी हंसणार नाहीं. तथापि तज्ज्ञ-समितीनें बंधनाची शिफारस केली नाहीं, व आयोगानेंहि मतदान पुढें ढकललें.

कोणी म्हणेल, बंधन म्हणजे बंदी नव्हे. डॉक्टरांस परवाना मिळेलच. कागदावर हें खरें आहे. पण आपल्याकडे मॉर्फीनचें काय झालें? १९८५ च्या कायद्यानें त्याचा वैद्यकीय उपयोग बंद केला नव्हता. तरीहि परवान्यांच्या जाळ्यानें व शिक्षेच्या धाकानें १९९७ पर्यंत तो नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. कर्करोगाचे रोगी तळमळत राहिले. कायदा दुरुस्त होण्यास २०१४ साल उजाडलें.

केटामाइनवर आपल्या सरकारनें देशापुरता अंकुश ठेवला आहे. २०११ सालीं तें मनःप्रभावी पदार्थांच्या सूचींत आलें. २०१३ सालीं तें औषध-नियमांच्या ‘एक्स’ अनुसूचींत गेलें, आणि विक्रेत्यास चिठ्ठीची प्रत दोन वर्षें जपून ठेवणें भाग पडलें. हा अंकुश उद्यां रोग्यांस बोंचूं लागला, तर तो सैल करणें आपल्याच हातीं आहे. जगाचा करार तसा सैल करतां येत नाहीं. आणि त्याचा भार अशा गरीब देशांवर पडतो, जेथें भुलीचें दुसरें औषधच पोंचत नाहीं.

नव्या नशेची वार्ता आली कीं पहिली हांक बंदीचीच उठते. ती मान्य करण्यापूर्वीं, त्या औषधावांचून कोणाची शस्त्रक्रिया अडेल, एवढें तरी आपण विचारावें.