कावीळ उतरवण्याआधी: पोटातल्या कॅन्सरपर्यंत पोचणारी दुर्बीण

लोकलमध्ये असाल, जिममध्ये असाल, नाहीतर रात्री गादीवर पडून ऐकत असाल, आजचा भाग जरा शेवटपर्यंत ऐका. सुरुवात एका फोटोपासून करतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या फॅमिली ग्रुपवर एका साखरपुड्याचे फोटो आले. सगळे नटलेले, हसणारे. एका फोटोत माझा मामा होता. मी सहज झूम केलं, तर मामाचे डोळे पिवळे! म्हटलं, फिल्टर असेल. दुसरा फोटो बघितला, त्यातही तेच. लगेच गावी फोन लावला. मामी म्हणाली, "अरे, कावीळ झालीय त्यांना. शेजारच्या गावातून माळ आणून घातलीय. तीन आठवडे झाले, उतरेल आता."

आता ही माळ तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी माहीत असेल. ती घातली की बऱ्याचदा कावीळ उतरते, हेही खरं आहे. पण का उतरते? कारण दूषित पाण्यातून होणारी कावीळ, उदाहरणार्थ हिपॅटायटिस ए, बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआपच बरी होते. शरीर काम करतं आणि श्रेय माळेला मिळतं.

मामाची कावीळ वेगळी होती. ताप नाही, पोटात दुखणं नाही. फक्त डोळे पिवळे, लघवी गडद, शौचाला पांढरट आणि अंगाला रात्रभर खाज. वजनही उतरलेलं. हे ऐकून आमच्या ओळखीच्या एका डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "उद्याच सोनोग्राफी करा." सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली दिसली. म्हणजे खाली कुठेतरी रस्ता बंद झाला होता.

कुठे, ते समजून घेऊ. लिव्हरमध्ये पित्त तयार होतं. आपण अॅसिडिटीला 'पित्त झालं' म्हणतो ना, ते हे नव्हे. हा पिवळट हिरवा रस एका नळीतून आतड्यात येतो आणि ही नळी स्वादुपिंडाच्या डोक्याजवळून, बहुतेकांत त्याच्या आतूनच जाते. स्वादुपिंड म्हणजे पॅन्क्रियास. जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवा पडलेला, साधारण 15 सेंटीमीटर लांबीचा अवयव. तिथे डोक्याच्या भागात गाठ झाली की ती नळीला दाबते, पित्त तुंबतं आणि माणूस पिवळा पडतो.

हा अवयव इतका आत लपलेला आहे की बाहेरून हाताला लागत नाही, आणि समोर गॅस असला की सोनोग्राफीतही नीट दिसत नाही. म्हणूनच या कॅन्सरचा पत्ता उशिरा लागतो. निदान होतं तेव्हा 100 पैकी साधारण 15 ते 20 जणांचंच ऑपरेशन होण्यासारखं असतं.

आता येते दुर्बीण. आपल्याकडे एन्डोस्कोपीला सगळे दुर्बीणच म्हणतात. 1957 मध्ये अमेरिकेत बेसिल हिर्शोविट्झ या डॉक्टरांनी काचेच्या बारीक तंतूंची, वाकणारी दुर्बीण वापरात आणली, आणि रुग्णाच्या आधी ती स्वतः गिळून बघितली. त्याआधीच्या नळ्या इतक्या सहज वाकत नसत, कल्पना करा! आज टोकाला छोटा कॅमेरा असतो आणि आतलं सगळं स्क्रीनवर दिसतं.

पण कॅमेऱ्याला जठराची भिंत दिसते, भिंतीपलीकडचं स्वादुपिंड नाही दिसत. मग डॉक्टरांनी दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचं यंत्र बसवलं. याला एन्डोसोनोग्राफी किंवा ईयूएस म्हणतात. हे 1980 पासून सुरू झालं. साधी सोनोग्राफी म्हणजे रस्त्यावर उभं राहून शेजारच्या घरातलं ऐकणं. ईयूएस म्हणजे सामाईक भिंतीला कान लावणं. जठराच्या आणि लहान आतड्याच्या भिंतीला यंत्र टेकतं आणि स्वादुपिंड अगदी समोर येतं. सीटी स्कॅनमध्ये कधीकधी निसटणारी, दोन सेंटीमीटरपेक्षा लहान गाठही यात सापडू शकते.

शिवाय त्याच दुर्बिणीतून एक बारीक सुई भिंतीतून आरपार गाठीत घालता येते आणि तपासणीसाठी पेशी काढता येतात. बाहेरून चीर नाही, टाका नाही. मामाला रात्रीपासून उपाशी ठेवलं, गुंगीचं औषध दिलं आणि संध्याकाळी तो चहा पीत बसला होता.

इथे मामीने अडवलं होतं बरं का. "तुकडा काढला की कॅन्सर खवळतो म्हणे!" ही भीती घरोघरी आहे. सुईच्या वाटेने कॅन्सर पसरणं ही फार दुर्मीळ गोष्ट आहे. आणि ज्यांचं थेट ऑपरेशन होणार असतं, अशा अनेकांना आधी तुकड्याची गरजही नसते. पण किमोथेरपी द्यायची असेल तर कोणत्या कॅन्सरशी लढतोय हे कळल्याशिवाय कसं चालेल?

मामाची गाठ एका मोठ्या रक्तवाहिनीला चिकटली होती. लगेच ऑपरेशन शक्य नव्हतं. आधी किमो द्यायची ठरली. पण रक्तातलं बिलिरुबिन एवढं वाढलेलं असताना किमो देता येईना. म्हणून दुसरी दुर्बीण घातली, ईआरसीपी.

हे तंत्र मला सगळ्यात भारी वाटतं. दुर्बीण तोंडातून लहान आतड्याच्या सुरुवातीला जाते. तिथे भिंतीवर एक बारीकसा उंचवटा असतो, त्यातून पित्त आतड्यात येतं. ते तोंड भिंतीवर असल्यामुळे या दुर्बिणीचा कॅमेरा टोकाला नसून बाजूला असतो. डॉक्टर त्या तोंडातून बारीक तार घालतात, एक्स-रेवर बघत बघत ती गाठीपलीकडे नेतात आणि तिथे एक नळी बसवतात. तिला स्टेंट म्हणतात. हृदयात बसतो तसाच, पण पित्तनलिकेत. रस्ता मोकळा झाला की तुंबलेलं पित्त आतड्यात यायला लागतं.

चार दिवसांत मामाची खाज गेली. तो म्हणाला, "दीड महिन्यानं आज झोपलो बघ." कॅन्सर तिथेच होता. पण झोप परत आली, भूक परत आली आणि किमो सुरू करता आली. उपचार म्हणजे फक्त बरं करणं नसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. ईआरसीपीनंतर 100 पैकी साधारण 5 ते 10 जणांच्या स्वादुपिंडाला सूज येते, आणि ती कधीकधी गंभीर असते. म्हणून आता ही प्रक्रिया नुसतं बघण्यासाठी करत नाहीत. बघण्यासाठी एमआरआय आणि ईयूएस आहेत. ईआरसीपी उपचारासाठी. आणि ज्यांचं ऑपरेशन लवकर होणार आहे त्यांना प्रत्येक वेळी स्टेंट लागतोच असं नाही. 2010 मध्ये नेदरलँड्समधल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की सरसकट आधी स्टेंट टाकल्याने त्रास वाढतो. म्हणून डॉक्टरांना थेट विचारा: "ऑपरेशन होणार आहे का? मग स्टेंट का?"

अजून एक. प्लॅस्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत तुंबू शकतो, धातूचा जास्त टिकतो. स्टेंट असलेल्या माणसाला थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पुन्हा पिवळे दिसले, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री हॉस्पिटल गाठा.

हे झालं स्वादुपिंडाचं. पण जठर, अन्ननलिका, मोठं आतडं इथे गोष्ट बरीच आशेची आहे. मोठ्या आतड्याचे बरेचसे कॅन्सर आधी मशरूमसारख्या किंवा चपट्या वाढीच्या रूपात असतात. त्यांना पॉलिप म्हणतात. त्यातल्या काहींचा कॅन्सर व्हायला वर्षानुवर्षं लागतात. कोलोनोस्कोपी करताना पॉलिप दिसला, तर दुर्बिणीतूनच तारेचा फास टाकून तिथल्या तिथे कापतात. म्हणजे कॅन्सर व्हायच्या आधीच त्याचा बंदोबस्त!

जपानी डॉक्टर याच्याही पुढे गेले. जठरातला अगदी सुरुवातीचा कॅन्सर फक्त वरच्या थरात असेल, तर त्याखाली द्रव टोचून तो थर उचलायचा आणि बारीक विजेच्या सुरीने अख्खा एका तुकड्यात सोलून काढायचा. याला ईएसडी म्हणतात. जठर जागेवर राहतं. दक्षिण कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी जठराची तपासणी करायचा सरकारी कार्यक्रमच आहे, कारण तिथे हा कॅन्सर खूप आढळतो. आपल्याकडे सरसकट सगळ्यांना तशी दुर्बीण घालायची गरज नाही. पण ज्याला लक्षणं आहेत त्याने टाळू नये, एवढं तरी करू.

आता तुमचं काम. घरात मोबाईल तुम्हाला कळतो, अपॉइंटमेंट तुम्ही घेता, रिपोर्ट तुम्ही वाचता. मग हेही तुम्हीच बघा:

डोळे पिवळे झाले, विशेषतः पोट न दुखता. घास अडकतोय, आधी भाकरी आणि मग पातळही. शौचातून रक्त जातंय किंवा शौच डांबरासारखं काळं होतंय. पन्नाशीनंतर अचानक डायबेटीस निघाला आणि सोबत वजन उतरतंय. पोटाचं दुखणं पाठीत जातंय आणि घरचे 'गॅस आहे' म्हणून महिनोन् महिने गोळ्या देतायत. यातलं काही दिसलं म्हणजे कॅन्सरच आहे असं अजिबात नाही. पण तपासणी हवीच.

मूळव्याध आहे असं म्हणून रक्ताकडे दुर्लक्ष करू नका. घरात मिश्री, तंबाखू, विडी असेल तर त्यावर बोला, भांडण झालं तरी चालेल. पैशाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राला भेटा आणि योजनेत काय बसतं ते आधी विचारा.

मामा त्यानंतर चौदा महिने होता. मुलीचं लग्न त्याने उभं राहून लावलं, पंगतीत जिलेबी वाढली. ते तीन आठवडे माळेत गेले नसते तर तो वाचला असता का? मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "सांगता येत नाही." हे उत्तर मी अजून सोबत घेऊन फिरतो.

म्हणून एवढंच सांगतो. आज घरी गेलात की आईबाबांशी, आजीशी बोलताना जरा उजेडात बसा, आणि त्यांच्या डोळ्यांकडे नीट बघा. गावी असतील तर व्हिडिओ कॉल करा. काळजी घ्या मंडळी, पुढच्या भागात भेटूच!