पावतीवरची तारीख



शासन-सुधारणा आणि आंतरराष्ट्रीय मानवी हक्क कायदा यांत सल्लागार म्हणून हयात घालवलेल्यांची परिषद कुंडमला का, असं अनेकांनी विचारलं. जबलपुरात सोयी होत्याच. पण ज्याच्यासाठी आपण अहवाल लिहितो तो माणूस दिंडोरीच्या या रस्त्यालगतच्या गोंड वस्त्यांत राहतो. बोलणं त्याच्या दारात व्हावं, अशी आम्हा जबलपूरकर मराठी मंडळींची इच्छा.

कायद्याच्या विद्यार्थ्याला जबलपूर ठाऊक असतं ते एका दुखऱ्या निकालामुळे. २८ एप्रिल १९७६ रोजी, ऐन आणीबाणीत, ‘एडीएम जबलपूर’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धांना दाद मागायची वाटच बंद केली. पाच न्यायमूर्तींत एकटे हंसराज खन्ना विरोधात गेले. देशी कायद्याचे दोन अर्थ निघत असतील तर आंतरराष्ट्रीय कायद्याशी जुळणारा घ्यावा, असं त्यांनी लिहिलं आणि १९४८ च्या मानवी हक्क जाहीरनाम्याकडे बोट दाखवलं. आपला सारा व्यवसाय त्या भूमिकेवर उभा आहे, असं मी मानतो. बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते, हे मराठी माणसाने विसरू नये. २०१७ मध्ये तो निकाल चुकीचा ठरवणारं निकालपत्र त्यांचे चिरंजीव धनंजय यांनी लिहिलं, हेही.

हक्क मोडला तर परिणामकारक दाद मिळावी, हे बंधन भारताने १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय करारान्वये स्वीकारलं. ते तहसिलीपर्यंत उतरलं कसं? मध्य प्रदेशाने २०१० मध्ये देशातला पहिला लोकसेवा हमी कायदा केला. २०१२ मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. मला मात्र अर्ज दिल्यावर खिडकीवर मिळणारी पावती अधिक मोलाची वाटते. दाखला कोणत्या तारखेपर्यंत मिळेल, ते तिच्यावर छापलेलं असतं. तारीख टळली तर अपील आहे, विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल ५,००० रुपये दंड आहे. पण त्यासाठी पावती वाचता आली पाहिजे, आणि पुन्हा खेटा घालायला एका दिवसाची मजुरी बुडवणं परवडलं पाहिजे.

परिषदेत ठराव होतीलच. अर्जदाराला त्याच्या बोलीत पावती समजावणारा, गरज पडल्यास अपील लिहून देणारा माणूस प्रत्येक खिडकीपाशी असावा, हा ठराव त्यांत घ्यावा, ही स्वागत समितीची विनंती.

दुपारच्या जेवणात कोदोचा भात आहे. व्यवस्थेत काही उणं राहिलं तर हक्काने सांगा. आपणा सर्वांचं कुंडममध्ये मनःपूर्वक स्वागत.