रहस्यपटाचा पहिला प्रसंग



झाशीचा दतिया गेट डोळ्यांसमोर आणा. नवखा पटकथाकार तेथे रात्र, धुके आणि किंकाळी योजील. प्रेक्षक दचकेल खरा. परंतु त्याला अद्याप काहीच ठाऊक नसल्याने शंका घ्यावी असेही काही त्याच्यापाशी नसते.

राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’ (१९६४) या चित्रपटावरून राज खोसला यांनी ‘मेरा साया’ (१९६६) काढला. त्याच्या आरंभी परदेशाहून धावत आलेल्या वकिलाच्या डोळ्यांदेखत त्याची पत्नी प्राण सोडते. पुढे पकडली गेलेली एक दरोडेखोर स्त्री ‘मीच ती’ असे सांगू लागते. मृत्यू आपणही पाहिलेला असतो. म्हणून संशय आपल्याच डोळ्यांवर येतो.

तेव्हा दतिया गेटपाशी भर सकाळी मुलाने वडिलांना दतियाच्या गाडीत बसवून द्यावे आणि घरी परतावे, तो वडील ओसरीवर बसलेले! किंकाळीची गरजच काय?

मात्र एक पथ्य पाळावे. आरंभी जे दाखविले, ते अखेरीसही खरेच ठरले पाहिजे. बदलावा तो केवळ त्याचा अर्थ. अन्यथा ते रहस्य नव्हे, प्रेक्षकाची फसवणूक होय.